कॉलेज घरात आलं, पण फोन कुणाच्या हातात?

शेतातून नुकत्याच आलेल्या, भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या, गटाच्या बैठकीत रेडिओ लावून बसलेल्या सगळ्या ताया-मावश्यांना आमच्या बचत गटाचा नमस्कार.

आज आम्ही बोलणार आहोत करोनाच्या काळातल्या कॉलेजबद्दल. तुम्ही म्हणाल, ते जुनं आता कशाला उकरायचं? त्या काळात आमच्या गटाच्या हातून एक चूक झाली. ती तुमच्या गटाकडून होऊ नये, म्हणून सांगतो आहोत.

आठवा जरा. मार्च २०२० मध्ये आधी शाळा-कॉलेजं बंद झाली आणि मग २४ तारखेच्या रात्री सगळा देशच बंद झाला. तालुक्याला शिकणारी पोरं पिशव्या घेऊन घरी आली. विद्यापीठांपुढे मोठाच पेच होता. फळा-खडूची सवय असलेल्या प्राध्यापकांनी स्टुलावर डबे रचले, त्यावर मोबाईल उभा केला आणि शिकवायला सुरुवात केली. कुणी झूमवर, कुणी गुगल मीटवर तास घेतला. कुणी धडा रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकला. नोट्स व्हॉट्सअॅपवर यायला लागल्या आणि हजेरीसुद्धा फोनवरच.

परीक्षेचं तर कोर्टापर्यंत गेलं. शेवटच्या वर्षाची परीक्षा घ्यायची की नाही यावर वाद झाला. राज्य सरकार नको म्हणत होतं, विद्यापीठ अनुदान आयोग घ्याच म्हणत होता. २८ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, परीक्षेशिवाय पदवी नाही, हवी तर तारीख वाढवून मागा. मग आपल्या राज्यात बहुतेक ठिकाणी ऑक्टोबरात परीक्षा झाल्या. मोठी उत्तरं लिहायची नव्हती, चार पर्यायांतला एक निवडायचा. आमच्या गावची पोरं डेअरीच्या स्लॅबवर बसून परीक्षा देत होती, कारण रेंज तिथंच यायची.

विद्यापीठांनी आपल्या परीनं वाट काढली, हे खरं. पण ही सगळी वाट जात होती फोनमधून. आणि घरात फोन होते किती? करोनाच्या आधी, २०१७-१८ साली, सरकारनं देशभर पाहणी केली होती. खेड्यातल्या शंभर घरांपैकी साधारण पंधरा घरांत इंटरनेटची सोय होती आणि संगणक चारच घरांत. इंटरनेट वापरता येणाऱ्या खेड्यातल्या मुली-बायका शंभरात नऊसुद्धा नव्हत्या.

आता आमच्या चुकीचं सांगतो. आमच्या गटातल्या एका ताईची मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. ऑगस्टच्या बैठकीत ताईनं आठ हजारांचं कर्ज मागितलं, मोबाईलसाठी. आम्ही नाही म्हणालो. शेळीला कर्ज देतो, खताला देतो, दवाखान्याला देतो. मोबाईल म्हणजे चैन, असं आम्हाला वाटलं. एक जण तर म्हणाली, "पोरीच्या हातात मोबाईल दिला की पोर हातची गेली." आम्ही सगळ्या हसलो. ताई काही बोलली नाही. पासबुक उचलून घरी गेली.

त्या घरात फोन एकच, भावाचा. तो दिवसभर कामावर. मुलीला फोन मिळायचा रात्री आठनंतर, तोही सगळ्यांची जेवणं होऊन भांडी घासून झाल्यावर. तास व्हायचे सकाळी. रेकॉर्ड केलेला धडा बघावा, तर दिवसाचा डेटा भावानं संपवलेला. चाचणी झाली, तिला कळलीसुद्धा नाही.

नोव्हेंबरात तिच्या कॉलेजच्या मॅडमचा ताईला फोन आला. मॅडमनी विचारलं, "मुलगी तासाला दिसत नाही. लग्न झालं का तिचं?"

ताईनं हे बैठकीत सांगितलं, तेव्हा कुणी हसलं नाही. कारण घरात लग्नाचं बोलणं खरंच सुरू झालं होतं. कॉलेज बंद आहे, पोर घरी बसून आहे, माणसं कमी बोलवायची म्हणजे खर्चही कमी, मग उरकून टाका. त्या वर्षी अशी लग्नं किती झाली, ते तुम्हीही पाहिलं आहे.

त्याच बैठकीत आम्ही ठराव लिहिला: शिक्षणासाठी लागणारं साधन हे कर्जाचं योग्य कारण आहे. ताईला सात हजार दिले, दहा हप्त्यांत फेडायचे. आम्ही दोघी-तिघी तिच्या घरी गेलो, वडिलांशी बोललो. गटाची खोली सकाळी दोन तास मुलींना अभ्यासाला उघडून दिली. मॅडमनाही फोन केला. व्हिडिओनं डेटा संपतो हे सांगितल्यावर त्या धडे नुसत्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवायला लागल्या. आवाजाला डेटा कमी लागतो आणि काम करता करता ऐकता येतं, या आपल्या रेडिओसारखं. चुकलेली चाचणीही पुन्हा घेतली.

ती मुलगी २०२२ मध्ये बी.कॉम. झाली. आज आमच्या ग्रामसंघाचा हिशेब तीच लिहिते.

पण मैत्रिणींनो, गोष्ट एवढीच नाही. आमच्याच गल्लीतल्या दुसऱ्या एका मुलीसाठी आमचा ठराव उशिरा झाला. तिच्या आईनं आमच्याकडे कर्ज मागितलंच नाही. आधीची परत गेलेली तिनं पाहिली होती. डिसेंबरात तिचं लग्न झालं. पुढं कॉलेजं उघडली, पुन्हा बंद झाली, ऑक्टोबर २०२१ मध्ये परत उघडली. ती काही परत गेली नाही. माहेरी आली की आमच्या बैठकीत येऊन बसते. आम्हाला तिच्याकडे बघवत नाही.

आता करोना गेला, पण फोनचं काम संपलेलं नाही. प्रवेशाचा अर्ज, परीक्षेचा अर्ज, महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती, सगळं ऑनलाइनच आहे. 'स्वयम्'वर घरबसल्या अभ्यासक्रम करता येतात. आपल्यातल्या जिचं शिक्षण अर्धवट राहिलंय, तिच्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. पुस्तकं घरी वाचायची आणि अभ्यासकेंद्रावर ठरल्या दिवशी जायचं.

म्हणून पुढच्या बैठकीत तीन गोष्टी करा. आपल्या गटातल्या कुणाची मुलगी कॉलेजात आहे, त्याची यादी करा. घरातला फोन तिच्या हातात दिवसातून किती वेळ आणि कधी असतो, हे विचारा. आणि कर्जाच्या कारणांत शिक्षणाचं साधन लिहून ठेवा, म्हणजे कुठल्या आईला मागताना खाली बघावं लागणार नाही.

मॅडमनी तो एक फोन केला म्हणून आम्ही जाग्या झालो. तुम्ही कुणाच्या फोनची वाट बघू नका.