पावसाळी चराई आणि मांसासाठी वाढविलेली रेडके
(पशुपालकांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मृगाच्या सरी सुरू झाल्या की गोव्यातील जांभ्या दगडाचे उघडेबोडके सडे पंधरवड्याच्या आत हिरवेगार होतात. उन्हाळाभर वाळक्या काडीवर दिवस काढलेली गुरे त्या हिरवळीवर अधाशासारखी तुटून पडतात आणि धनी निश्चिंत होतो. वस्तुतः निश्चिंत होण्याची ही वेळ नव्हे. मांसासाठी वाढवावयाच्या नर रेडकांच्या बाबतीत तर पावसाळ्याचे चार महिने हाच वाढीचा हंगाम होय, आणि जनावर हातचे जाण्याचाही हाच हंगाम होय.

नर रेडकाची उपेक्षा जन्मापासूनच सुरू होते. पारडी झाली तर तिला दूध मिळते. रेडकू झाले तर म्हैस पान्हा सोडीपर्यंतच त्याचा उपयोग. गोव्यात १९७८ च्या कायद्यान्वये गोवधास बंदी आहे, तर म्हैसवर्गीय जनावरांना १९९५ चा कायदा लागू असून सक्षम अधिकाऱ्याच्या दाखल्यावाचून त्यांची कत्तल करता येत नाही. या चौकटीत राहून टोणगा वाढविणे हा रीतसर जोडधंदा होऊ शकतो. परंतु उपासमारीने खुरटलेले रेडकू पुढे कितीही हिरवे खाल्ले तरी अंग धरीत नाही. जन्मानंतर दहा ते पंधरा दिवसांच्या आत त्याला जंताचे पहिले औषध मिळालेच पाहिजे, कारण म्हशीच्या दुधावाटेच मोठे गोल जंत त्याच्या पोटात उतरतात आणि पुष्कळशी रेडके याच कारणाने पहिल्या दोन-तीन महिन्यांत दगावतात.

आता गवताकडे वळू. कोवळ्या पावसाळी गवतात शंभर भागांपैकी ऐंशीहून अधिक भाग पाणीच असते. दोनशे किलो वजनाच्या रेडकाला दिवसाकाठी सुमारे पाच किलो कोरडा अंश लागतो. म्हणजे अशा गवतापासून तो मिळवावयाचा तर तीस किलोंच्या आसपास चरावे लागेल. मुसळधार पावसात जनावर झाडाच्या आडोशाला अंग चोरून उभे राहते. त्या दिवशी इतके गवत त्याच्या पोटात कोठून जाणार? पोट तट्ट फुगलेले, शेण पातळ आणि पाठीचा कणा मात्र उघडा, हे दृश्य आषाढात गोठ्यागोठ्यांतून दिसते. यावर सोपा उपाय असा की सकाळी चरावयास सोडण्यापूर्वी किलो-दीड किलो कोरडा पेंढा घालावा. उन्हाळ्यात पेंढ्याची उडवी संपविणारा शेतकरी येथे फसतो.

दुसरी उणीव जमिनीतील आहे. सुमारे तीन हजार मिलिमीटर पावसाने धुपलेल्या जांभ्या मातीत स्फुरद कमी असते, म्हणून गवतातही कमी उतरते. जनावर हाडे, चिंध्या, माती चघळू लागले तर ती खोड नव्हे, ती भूक आहे. शिवाय कुजलेल्या हाडातून विषबाधा होण्याचे भय असते. उत्तर ऑस्ट्रेलियातील मांसाच्या गुरांचे मोठे कळपही अशाच स्फुरदहीन कुरणांवर चरतात, आणि तेथील पशुपालक स्फुरदाचा पुरवठा मुद्दाम पावसाळ्यात करतात, कारण गवतात प्रथिने भरपूर असताना स्फुरद दिले तरच ते अंगी लागते. आपल्याकडे वाढत्या रेडकाला रोज तीस ग्रॅमपर्यंत क्षारमिश्रण पुरे. मूठभर कोंड्यात ते कालवून द्यावे, नुसते खात नाहीत.

भातशेती उभी असल्याने या दिवसांत गुरांना सडे, डोंगरउतार आणि ओहोळाच्या काठाखेरीज जागा उरत नाही. कागदोपत्री जेथे कुरण आहे तेथे प्रत्यक्षात घाणेरीचे रान माजलेले आढळते. भुकेले जनावर घाणेरीचा पाला खाते, त्याचे यकृत बिघडते, कावीळ होते, आणि ऊन पडताच कातडी भाजल्यासारखी सोलून निघते. ओहोळाकाठचा धोका वेगळा. तेथील गोगलगाईंच्या पोटात वाढलेले यकृतकृमीचे पिल्लू पाण्यालगतच्या गवतावर चिकटून बसते. जबड्याखाली पाणी उतरलेले दिसेपर्यंत यकृत पोखरले गेलेले असते. म्हणून पाणथळ जागी रेडके चारू नयेत. पावसाच्या तोंडी आणि पाऊस सरताना अशा दोन वेळा पशुवैद्याच्या सल्ल्याने कृमीचे औषध द्यावे. चराईची जागा आलटून पालटून वापरावी, खाल्लेल्या तुकड्याला चार-पाच आठवडे विसावा द्यावा, आणि नव्या तुकड्यावर मोठ्या जनावरांच्या आधी रेडके सोडावीत.

सर्वांत निकडीची बाब घटसर्पाची. म्हैस जातीला हा रोग गायीपेक्षा अधिक जाचतो. सकाळी ताप, दुपारी गळ्याला सूज, घशात घरघर, आणि पुष्कळदा दुसरा दिवस उजाडण्यापूर्वी मृत्यू, इतका तो वेगवान आहे. लस टोचल्यानंतर प्रतिकारशक्ती येण्यास दोन-तीन आठवडे लागतात. गोव्यात पाऊस सामान्यतः जूनच्या पहिल्या आठवड्यात येऊन ठेपतो. तेव्हा टोचणी मेच्या मध्यापर्यंत उरकली पाहिजे. शेजारच्या वाडीत जनावर मेल्यावर दवाखान्याकडे धाव घेणारे पुष्कळ. मेमध्ये लग्नकार्ये आणि काजूची आवराआवर यांत पथक दारी आले असता गुरे डोंगरावर सोडून देणारेही तेच. सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या धष्टपुष्ट जनावरांना गाठणारा फऱ्या हा रोगही याच दिवसांतला. त्याची लसही पावसापूर्वीच टोचून घ्यावी. मेलेले जनावर ओहोळात लोटू नये, चुना घालून खोल पुरावे. साचलेल्या पाण्यात अनवाणी उभे राहणाऱ्या गुराख्यालाही गुरांच्या मूत्रावाटे लेप्टोचा ताप जडतो. पायाला जखम असेल तर तिच्यावर पट्टी आणि पायांत रबरी बूट असावेत.

भाद्रपद सरताना सड्यावरचे गवत फुलोऱ्यावर येते. त्यानंतर ते भराभर निबर होते व त्याचा कस उतरतो. फुलोऱ्यातच कापावे, परतीच्या सरींत ते बुरसू नये म्हणून जमिनीवर न पसरता बांबूच्या तिकाटण्यावर टांगून वाळवावे, आणि त्यातला एक भारा पुढल्या आषाढासाठी कोरड्या माळ्यावर बाजूला ठेवावा.