घरच्या पहाऱ्याचें दप्तर

जुन्या वाड्याच्या दिंडीशीं देवडी असे आणि देवडीवर पहारेकरी बसे. रात्रीं कोण आलें, कोण गेलें, हें त्यानें पाहावें आणि सकाळीं धन्यानें विचारलें म्हणजे आठवून सांगावें, अशी ती व्यवस्था होती. आजच्या शहरांत त्या पहारेकऱ्याच्या जागीं दारावर एक लहानसा कॅमेरा बसला आहे. त्याला झोप येत नाहीं. परंतु त्यानें पाहिलेलें कोठें राहतें, किती दिवस राहतें आणि कोणाच्या हातीं राहतें, यावरच त्याची सारी उपयुक्तता अवलंबून आहे. कॅमेरा घेतांना गृहस्थ चित्राची स्पष्टता पाहतो, किंमत पाहतो. या दप्तराची चौकशी मात्र बहुधा चोरी झाल्यानंतर होते.

दूरच्या पडद्यावर पहारा ठेवण्याची कल्पना नवी नाहीं. १९४२ सालीं जर्मनींत पेनेम्युंडे येथें व्ही-२ अग्निबाणाचें उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहतां यावें म्हणून वॉल्टर ब्रुख या अभियंत्यानें अशी योजना उभारली. त्या काळीं दूरचित्र पाहतां येई, पण साठवितां येत नसे. चुंबकीय फितीवर चित्र उतरविणारें व्यवहारोपयोगी यंत्र अँपेक्स कंपनीनें १९५६ सालीं पुढें आणलें. घराच्या दारावर कॅमेरा लावण्याचें पेटंट न्यूयॉर्कमधील परिचारिका मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन यांना आपल्या पतीसमवेत १९६९ सालीं मिळालें. आज साठवण स्वस्त झाली आहे, आणि म्हणूनच तिचा हिशेब कोणी करीत नाहीं.

तो हिशेब सोपा आहे. एक कॅमेरा बऱ्यापैकीं स्पष्ट चित्र दर सेकंदास २ मेगाबिट या माफक प्रमाणांत पाठवितो असें धरूं. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्या हिशेबानें एका दिवसांत सुमारें २१.६ गिगाबाइट चित्रण होतें. १२८ गिगाबाइटचें कार्ड सहा दिवसांच्या आंत भरतें. चार कॅमेरे असल्यास दिवसाला सुमारें ८६ गिगाबाइट लागतात, व २ टेराबाइटची हार्ड डिस्क सुमारें २३ दिवस पुरते. जागा संपली म्हणजे यंत्र सर्वांत जुनें चित्रण पुसून त्यावर नवें लिहितें. मे महिन्यांत कुटुंब पंधरा दिवस गांवीं गेलें आणि दुसऱ्याच रात्रीं घर फुटलें, तर सहा दिवस पुरणाऱ्या कार्डावरील चोराचा चेहरा कुटुंब परत येण्यापूर्वींच पुसला गेलेला असतो. कॅमेरा चालू होता, चित्रही निघालें होतें. तरी पुरावा नाहीं!

ही मुदत वाढविण्याचे उपाय आहेत. २०१३ सालीं मान्य झालेली एच.२६५ ही संकोचनाची पद्धति २००३ सालच्या एच.२६४ च्या मानानें तेवढ्याच दर्जाचें चित्र सुमारें निम्म्या जागेंत बसविते. हालचाल झाली तरच चित्रण करावें अशीही सोय असते. मात्र मंद उजेडांतील हालचाल कधीं कधीं तिच्या नजरेंतून सुटते.

घरांतल्या साठवणीचे मुख्य प्रकार दोन. पहिला, कॅमेऱ्याच्या पोटांतील कार्ड. तें स्वस्त आहे व त्याला इंटरनेट लागत नाहीं. परंतु अशा कार्डावर पुनः पुनः लिहिण्यास मर्यादा असते. सतत चित्रणासाठीं मुद्दाम बनविलेलें टिकाऊ कार्ड न घेतल्यास तें एके दिवशीं मुकाट्यानें बंद पडतें. शिवाय चोरानें कॅमेराच उपटून नेला तर साक्षही त्याच्याबरोबर जाते. दुसरा प्रकार म्हणजे सर्व कॅमेऱ्यांचें चित्रण एकत्र घेणारा रेकॉर्डर. त्यांत अहोरात्र लिहिण्यासाठीं बनविलेली हार्ड डिस्क असावी. पुष्कळ घरांत हा रेकॉर्डर दिवाणखान्यांत टीव्हीच्या खालीं ठेवतात. तेथें तो प्रथम चोराच्याच दृष्टीस पडतो. हवा खेळेल अशा बंद कपाटांत किंवा माळ्यावर त्याला जागा द्यावी, आणि वीज गेली असतां तो, कॅमेरे व इंटरनेटचा राउटर हीं सर्व चालू राहतील अशी इन्व्हर्टरची जोडणी करावी.

क्लाउड म्हणजे चित्रण इंटरनेटवरून एखाद्या कंपनीच्या दूरच्या साठवणकेंद्रांत पाठविणें. याचा मोठा गुण असा कीं चोरानें घरांतील यंत्रें नेलीं तरी पाठविलेलें चित्र शाबूत राहतें. मर्यादा मात्र दुर्लक्षण्याजोग्या नाहींत. वरच्याच मापाचे चार कॅमेरे अखंड पाठवूं लागले तर महिन्याला सुमारें २.६ टेराबाइट चित्रण बाहेर जाईल. म्हणून अनेक सेवा केवळ हालचालीचे तुकडे ठेवतात. वर्गणी थांबली कीं जुन्या चित्रणाचें दार बंद होतें. इंटरनेट तुटलें तर पाठवणी खुंटते, आणि कधीं कधीं दोष दूरच्या केंद्रांतच असतो. २० ऑक्टोबर २०२५ रोजीं ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेंत बिघाड झाला, तेव्हां तिच्यावर विसंबलेल्या रिंग कॅमेऱ्यांच्या ग्राहकांनाही अडचण सोसावी लागली.

याहून नाजूक प्रश्न विश्वासाचा आहे. २०२३ सालीं अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगानें रिंग कंपनीवर असा आरोप ठेवला कीं ग्राहकांचीं खासगी चित्रणें पाहण्याची मुभा कर्मचाऱ्यांना प्रमाणाबाहेर होती. ५८ लक्ष डॉलर देण्याचें ठरून तें प्रकरण मिटलें. फेब्रुवारी २०२४ मध्यें वाइझ कंपनीच्या सुमारें १३,००० ग्राहकांना परक्यांच्या कॅमेऱ्यांतील लघुचित्रें दिसलीं. यास्तव ज्या सेवेंत चित्रण घरींच कुलूपबंद होऊन किल्ली केवळ ग्राहकापाशीं राहते, ती पसंत करावी. तेथें किल्ली हरवल्यास कंपनीही दार उघडूं शकत नाहीं, ही त्या सुरक्षिततेची किंमत होय.

घरचें यंत्र तेवढ्यानेंच निर्धोक ठरतें असें मात्र समजूं नये. २०१६ सालीं मिराय नांवाच्या दुष्ट प्रणालीनें असंख्य कॅमेरे व रेकॉर्डर ताब्यांत घेतले, तें कारखान्यांतून आलेला पासवर्ड धन्यांनीं बदलला नव्हता म्हणून. पहिल्या दिवशीं पासवर्ड बदलणें, यंत्राची प्रणाली वेळोवेळीं अद्ययावत करणें, आणि बाहेरून रेकॉर्डर पाहण्यासाठीं राउटरचीं दारें सताड उघडीं न टाकणें, एवढी दक्षता प्रत्येक घरीं शक्य आहे.

चोरी झाल्यावर हें दप्तर न्यायालयांत टिकलें पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ अन्वयें संगणकीय नोंदीच्या प्रतीबरोबर विहित प्रमाणपत्र लागतें, व त्यांत त्या नोंदीची हॅश ही अंकरूपी ओळख द्यावी लागते. जुन्या कायद्याच्या काळीं, २०२० सालीं, जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असें प्रमाणपत्र आवश्यक ठरविलें होतें. मात्र यंत्राचा धनी मूळ यंत्रच घेऊन साक्षीस उभा राहिला तर त्याची गरज नाहीं, असेंही सांगितलें होतें. घरच्या रेकॉर्डरच्या बाबतींत तें शक्य असतें. दूरदेशींच्या केंद्रांतील मूळ यंत्र कोण आणणार? म्हणून चोरी उघडकीस येतांच चित्रण पुसलें जाणार नाहीं अशी तजवीज करावी, प्रत काढावी, आणि मूळ कार्ड किंवा डिस्क जशीच्या तशी पोलिसांना दाखवावी. यंत्राचें घड्याळ चुकीचें असेल तर चांगलें चित्रही संशयास्पद ठरतें.

मध्यम स्थितीच्या कुटुंबानें दोन्ही मार्गांची सांगड घालावी हें श्रेयस्कर. सर्व कॅमेऱ्यांचें अखंड चित्रण घरच्या रेकॉर्डरवर ठेवावें, आणि प्रवेशद्वाराच्या कॅमेऱ्याचे हालचालीचे तुकडे तेवढे क्लाउडवर पाठवावे. घराच्या अंतर्भागांतील चित्र बाहेर धाडूं नये. त्यांत मुलें असतात, म्हातारीं माणसें असतात, कामास येणाऱ्या बाया असतात, आणि त्यांचाही संकोच जपण्याजोगा आहे. साठवणीची मुदत कुटुंबाच्या सर्वांत लांब प्रवासाहून कांहीं दिवस अधिक धरावी. आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेस कोणातरी एकानें मागील आठवड्यांतील एक रात्र लावून पाहावी: चित्र आहे ना, घड्याळ बरोबर आहे ना, जितके दिवस मिळावयास हवे तितके मिळतात ना. या कामास पांच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाहीं.