अति घाई, संकटात नेई
(वसंत व्याख्यानमालेत महादेवपुरा, बेंगळुरू येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या घाटरस्त्यांवरची पाटीच मी आज विषय म्हणून घेतली आहे. टिन फॅक्टरी चौकातल्या कोंडीत तासभर अडकून इथं पोहोचलेल्यांना घाईचे धोके सांगायचे, म्हणजे थट्टाच वाटेल. पण महादेवपुऱ्यातली घाई रस्त्यावर नाही, कामात आहे. रात्री साडेआठला न्यूयॉर्कमध्ये सकाळचे अकरा वाजलेले असतात, म्हणून क्लायंटचा कॉल तेव्हाच. जेवण लॅपटॉपसमोर आणि झोप उरलेल्या वेळात. हा थकवा आपण एचआरकडे सोपवतो, हॅकिंग आयटीकडे आणि कायदा लीगलकडे. माझं म्हणणं एवढंच आहे, की या तिन्ही खात्यांच्या मुळाशी एकच दुखणं आहे: थांबायची मुभा नसणं.

एक मेसेज बघू. शुक्रवारी संध्याकाळी अकाउंट्समधल्या मुलीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. डीपी एमडींचा. ‘मीटिंगमध्ये आहे, फोन करू नकोस. या व्हेंडरचं पेमेंट आत्ता सोड. कोणाला बोलू नकोस, डील गोपनीय आहे.’ यात तांत्रिक करामत शून्य. पहिल्या वाक्यानं खातरजमेची वाट बंद केली, दुसऱ्यानं विचाराची, तिसऱ्यानं शेजाऱ्याला विचारण्याची. तरी ती फसते. का? कारण तिचे खरे साहेबही असेच मेसेज पाठवतात!

‘डिजिटल अरेस्ट’चंही तंत्र हेच. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद भारताच्या कुठल्याही कायद्यात नाही. तरीही याच शहरातल्या एका अनुभवी सॉफ्टवेअर व्यावसायिक महिलेचे सुमारे 32 कोटी रुपये अशा प्रकारात गेल्याचं 2025च्या नोव्हेंबरात उघड झालं. शिक्षण कमी पडलं नव्हतं. भीती दाखवून माणसाला एकटं पाडलं, की शिक्षण कामाला येत नाही.

पण घाई नको म्हणजे दिरंगाई चालते, असं नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण आठवा. तिथं कुणाला फोन करून फसवलं नव्हतं, मालवेअर घुसवलं होतं. 11 ऑगस्ट 2018, शनिवार. दोन-अडीच तासांत 28 देशांतल्या एटीएममधून सुमारे 78 कोटी निघाले, भारतात आणखी अडीच कोटी. सोमवारी ‘स्विफ्ट’ या आंतरबँक यंत्रणेमार्फत जवळपास 14 कोटी हाँगकाँगला गेले. एकूण 94 कोटी. चोरांनी सुट्टीचा मुहूर्त साधला. अशा वेळी पैसे वाचतात ते मिनिटांच्या हिशोबानं.

म्हणूनच केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा संस्थेनं एप्रिल 2022च्या निर्देशांत सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवण्याचं बंधन घातलं. माहिती राखण्यात कसूर झाली, तर 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 250 कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण हे सहा तास मोजायला सुरुवात होण्याआधीच वेळ जातो. ज्याच्या हातून चुकीची लिंक उघडली, तो पोरगा अप्रेझलच्या धास्तीनं दोन दिवस गप्प बसतो. त्याचं तोंड उघडेल असं कुठलंही सॉफ्टवेअर बाजारात मिळत नाही.

कायद्याच्या कामातही आता एआय आलं. शंभर पानांचा करार ते मिनिटांत चाळतं, आणि ते उपयोगाचंच आहे. पण आयकर अपील न्यायाधिकरणाच्या बेंगळुरू पीठानं डिसेंबर 2024 मध्ये दिलेल्या एका आदेशात अस्तित्वातच नसलेल्या निवाड्यांचे दाखले आढळले आणि आदेश मागे घ्यावा लागला. न्यूयॉर्कमध्ये 2023 साली चॅटजीपीटीनं रचलेले खटले कोर्टात दाखल करणाऱ्या वकिलांना 5,000 डॉलरचा दंड बसला. मूळ निवाडा उघडून बघायला किती वेळ लागतो? पण तेवढीही उसंत नसेल, तर यंत्र आपली चूकसुद्धा वेगानंच करून देणार.

आता उपाय. कर्नाटक सरकारनं जून 2024 मध्ये आयटी उद्योगाला नोकरीच्या अटी ठरवणाऱ्या स्थायी आदेशांच्या कायद्यातून पुन्हा पाच वर्षांची सूट दिली, तेव्हा एक अट होती: कर्मचाऱ्यांना समान प्रतिनिधित्व असलेली तक्रार निवारण समिती. तुमच्या कंपनीत अशी समिती आहे का? तिच्यात कोण आहे? उद्या ऑफिसात गेल्यावर विचारा. आहे म्हणाले, तर कामाच्या तासांचा विषय तिच्यापुढे न्या.

आणि इथं बसलेल्या मॅनेजर मंडळींना माझं सांगणं आहे. योगाचा वर्ग खुशाल ठेवा, पण आधी टीमला लेखी कळवा: माझ्या नावानं पैशाची मागणी आली, तर मला फोन केल्याशिवाय एक रुपयाही सोडायचा नाही, मी कितीही मोठ्या मीटिंगमध्ये असलो तरी. चूक झाली तर त्याच मिनिटाला सांगा, सांगणाऱ्याला शिक्षा नाही. पैसे गेले असतील, तर आधी सायबर हेल्पलाइनचा 1930 लावा, चौकशी मागाहून. याला बजेट लागत नाही. साहेबांनी स्वतःच्या घाईला लगाम घालायची तयारी मात्र लागते, आणि माझ्या मते आज तुमच्या कंपनीत सगळ्यात मोठी टंचाई तिचीच आहे.