निवृत्तिवेतनावरील परदेशवास

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मेळाव्यात दोन शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, तेव्हा विषय शोधण्यास दूर जावे लागले नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या कितीतरी घरांतून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा कानी येत आहे. मुलगा वा मुलगी परदेशी स्थायिक झालेली असते. येथे आईवडील दोघेच उरलेले असतात. पदरी निवृत्तिवेतन आहे, थोडीबहुत ठेव आहे, हातपाय अद्याप धड आहेत. अशा वेळी मुलांवर भार न होता, आपल्याच पैशावर त्या देशी जाऊन राहता येईल काय, असा तो प्रश्न आहे. तो लहान नाही, कारण त्याच्या उत्तरावर उतारवयाची दहा-वीस वर्षे अवलंबून असतात.

आपल्या लोकांना देशांतर नवे नाही. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, तंजावर येथे आपले पूर्वज गेले आणि तेथलेच होऊन राहिले. परंतु ते गेले चाकरीसाठी, चार पैसे मिळविण्यासाठी. आज आम्ही ज्या प्रकाराविषयी बोलणार आहो तो नेमका उलट आहे. युरोपातील काही देश असे म्हणतात की, तुमच्या निर्वाहाइतके उत्पन्न तुमच्यापाशी आधीच असेल आणि त्यासाठी आमच्या देशातील नोकरीवर तुम्ही अवलंबून नसाल, तर तुम्ही येथे येऊन राहावे. निवृत्तिवेतन, घरभाडे, ठेवींवरील व्याज, समभागांवरील लाभांश अशी उत्पन्ने यात धरली जातात.

उदाहरणादाखल पोर्तुगाल देश घेऊ. त्या देशाशी गोमंतकाच्या द्वारे आपला साडेचारशे वर्षांचा कडूगोड संबंध आहे. महिन्याकाठी ज्याची आपण वाट पाहतो तो ‘पगार’ आणि घर बंद करताना जी लावतो ती ‘चावी’, हे दोन्ही शब्द त्याच भाषेतून मराठीत आले. दुसरे असे की, तेथील उत्पन्नाची अट तुलनेने हलकी आहे. स्पेन देशाच्या अशाच परवान्यासाठी २०२५ साली एका माणसास दरमहा २,४०० युरोंचे उत्पन्न दाखवावे लागे, शिवाय तेथे कोणतेही काम करण्यास मनाई असते. पोर्तुगालात ही मर्यादा तेथील किमान वेतनाइतकी आहे. २०२४ साली ती ८२० युरो होती, २०२५ साली ८७० युरो झाली. पतिपत्नी दोघे असल्यास दुसऱ्या व्यक्तीसाठी निम्मी रक्कम अधिक धरतात.

या परवान्यास बोलीभाषेत ‘डी-७’ व्हिसा म्हणतात. त्याचा मूळ आधार पोर्तुगालचा २००७ सालचा परकीय नागरिकांविषयीचा कायदा होय. अर्ज आपल्या देशातूनच करावयाचा असतो. त्यासोबत उत्पन्नाचे पुरावे, पोलिसांचा निर्वेध दाखला, विम्याची कागदपत्रे, तेथे राहण्याच्या जागेचा करार आणि तेथील बँकेतील शिल्लक दाखवावी लागते. ही शिल्लक सामान्यतः वर्षभराच्या किमान वेतनाइतकी असावी अशी अपेक्षा असते. आपले दाखले परदेशी ग्राह्य ठरण्यासाठी त्यांवर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टील शिक्का घ्यावा लागतो. २००५ पासून भारत त्या आंतरराष्ट्रीय करारात सामील आहे. व्हिसा मिळतो तो चार महिन्यांचा. त्या अवधीत तेथे जाऊन ‘आयमा’ नामक सरकारी कचेरीपुढे उभे राहावे, म्हणजे दोन वर्षांचा वास्तव्य-परवाना मिळतो व पुढे तीन वर्षांसाठी त्याचे नूतनीकरण होते. ही कचेरी २०२३ च्या ऑक्टोबरात जुने खाते मोडून स्थापन झाली, तेव्हा तिच्या माथी लाखो तुंबलेली प्रकरणे आली होती. तेव्हा धीर हे या प्रवासातील पहिले सामान होय.

परवाना हाती आल्यावर वर्षातील बहुतेक काळ येथेच राहीन, असेही चालत नाही. परवान्याच्या मुदतीत सलग सहा महिने अथवा तुटकपणे मिळून आठ महिने, यापेक्षा अधिक काळ सबळ कारणावाचून बाहेर राहिल्यास तो रद्द होऊ शकतो. नातवंडांकडे चार महिने आणि गावी आठ महिने, असा ज्यांचा बेत असेल त्यांच्यासाठी हा मार्ग नव्हे.

आता हिशोबाकडे वळू. युरोस शंभर रुपये धरले, तर २०२५ च्या मर्यादेप्रमाणे एका माणसास दरमहा ८७,००० रुपये व दोघांस १,३०,५०० रुपये दाखवावे लागत. आपल्यातील वरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या काही जणांस ही रक्कम आवाक्यातील वाटेल. परंतु पात्रता वेगळी आणि निर्वाह वेगळा. लिस्बन शहरी एका शयनगृहाच्या घराचे भाडेच हजार युरोंच्या घरात वा त्याहून अधिक असते. ब्रागा, कोईंब्रा यांसारख्या शहरांत खर्च कमी येतो. पण मुलगी लिस्बनला आणि आपण दूरच्या गावी, मग घर सोडून मिळविले काय, हाही प्रश्न उरतोच.

याहून महत्त्वाची गोष्ट विनिमयाच्या दराची आहे. २०१५ साली एक युरो सुमारे सत्तर रुपयांस मिळे आणि पोर्तुगालचे किमान वेतन ५०५ युरो होते. म्हणजे तेव्हा ही मर्यादा सुमारे ३५,००० रुपयांची होती. दहा वर्षांत युरो शंभराच्या घरात गेला, वेतन ८७० वर गेले, आणि रुपयांतील मर्यादा जवळजवळ अडीचपट झाली. २०२६ साठी तर ते वेतन ९२० युरो ठरले. ज्यांच्या सरकारी निवृत्तिवेतनास महागाईभत्ता जोडलेला आहे त्यांचे उत्पन्न थोडेफार वाढते. परंतु ज्यांनी विमा कंपनीकडून ठराविक वार्षिकी घेतली आहे त्यांचा आकडा जागचा हलत नाही. नूतनीकरणाच्या वेळी निर्वाहाचे साधन पुन्हा दाखवावयाचे असते. आज काठोकाठ बसणारे उत्पन्न पाच वर्षांनी अपुरे पडेल, हे गृहीत धरूनच निर्णय करावा. आमच्या मते मर्यादेच्या निदान दुप्पट उत्पन्न असल्यावाचून या वाटेस जाऊ नये.

भगिनींनो, यापुढचे आम्ही विशेषतः आपणांस उद्देशून बोलतो, कारण अशा बेतांत पुरुष बहुधा स्वतःच्या हयातीचाच हिशोब मांडतात. समजा, पतीचे सरकारी निवृत्तिवेतन १,३०,५०० रुपये आहे व त्यावर दोघे गेली. पतीच्या पश्चात पत्नीस मिळणारे कुटुंब-निवृत्तिवेतन सर्वसाधारण दराने अखेरच्या वेतनाच्या तीस टक्के, म्हणजे पतीच्या पूर्ण निवृत्तिवेतनाच्या साठ टक्के असते. या उदाहरणात ते ७८,३०० रुपये होईल. एका माणसाची २०२५ सालची मर्यादा मात्र ८७,०००! ज्या दिवशी तिला स्थैर्याची सर्वांत अधिक गरज, त्याच दिवसापासून तिचे तेथील राहणे कागदोपत्री डळमळीत होते. येथले घर विकलेले असेल तर परत यावयाचे कोठे?

शिवाय २०२५ च्या ऑक्टोबरात तेथील कायद्यात दुरुस्ती होऊन कुटुंबीयांस मागाहून बोलावण्याचे नियम कडक झाले. काही अपवाद व सवलती सोडल्यास आता दोन वर्षांच्या वास्तव्यानंतरच तो हक्क मिळतो. म्हणून आमचे सांगणे असे की, जाण्यापूर्वी पत्नीच्या नावे स्वतंत्र उत्पन्न उभे करावे, ठेवी व घर दोघांच्या नावे असावेत, आणि शक्य तर तिचा अर्ज तिच्या स्वतःच्या उत्पन्नावर व्हावा. येथील राहते घर तर निदान पहिली पाच वर्षे मुळीच विकू नये.

उतारवयात वैद्यकीय सोय ही दुसरी मोठी बाब. पोर्तुगालात १९७९ पासून राष्ट्रीय आरोग्यसेवा आहे आणि कायदेशीर रहिवाशांस तिचा लाभ अल्प खर्चात मिळतो. पण तेथे दहा लाखांहून अधिक लोकांस ठरलेला कुटुंबवैद्य मिळालेला नाही, हेही तितकेच खरे. आपला येथील आरोग्यविमा बहुधा भारतातील उपचारांपुरताच असतो; तरी तो बंद करू नये. एकदा सोडलेला विमा सत्तरीत पुन्हा मिळणे कठीण.

कराच्या बाबतीत जुन्या वार्तांवर विसंबू नये. परकीय निवृत्तांस पोर्तुगालात २००९ पासून करसवलत होती व तिच्यामुळेच त्या देशाचा गवगवा झाला. परंतु ती योजना २०२४ पासून नव्या येणाऱ्यांस सामान्यतः बंद झाली. वर्षात १८३ दिवसांहून अधिक राहणारा तेथला करदाता ठरतो व त्याच्या जगभरच्या उत्पन्नाचा विचार होतो. भारत व पोर्तुगाल यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार आहे; आपले निवृत्तिवेतन त्याच्या कोणत्या कलमात बसते हे जाण्यापूर्वीच सनदी लेखापालास विचारावे. इकडच्या बाजूने पाहता, रहिवासी भारतीयास एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठविता येते. १ एप्रिल २०२५ पासून दहा लाख रुपयांवरील अशा रकमेवर सामान्यतः वीस टक्के कर आगाऊ कापला जातो, तो पुढे विवरणपत्रात वळता होतो. कायमचे राहण्यास गेल्यावर आपली बचतखाती अनिवासी खात्यांत बदलून घ्यावी लागतात, आणि अनिवासी झालेल्यास नवी शेतजमीन विकत घेता येत नाही.

मृत्युपत्राचा विषय अशुभ मानून टाळू नये. युरोपीय संघाच्या वारसाविषयक नियमानुसार, १७ ऑगस्ट २०१५ पासून, माणूस ज्या देशी नित्य राहत होता तेथला कायदा त्याच्या वारसास सामान्यतः लागू होतो. मात्र आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा लागू व्हावा असे मृत्युपत्रात लिहून ठेवण्याची मुभा आहे. पोर्तुगालच्या कायद्यात पत्नी व मुलांचा हिस्सा राखीव असतो. आपल्या गोमंतकीय बांधवांस ही कल्पना परिचित आहे, कारण त्यांचा कौटुंबिक कायदा १८६७ च्या पोर्तुगीज संहितेतूनच आलेला आहे. इतरांनी हे समजून घेऊनच मृत्युपत्र करावे.

येथे एका गैरसमजाचा निरास केला पाहिजे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण वा दीव येथे जन्मलेल्यांस व त्यांच्या संततीस पोर्तुगीज नागरिकत्व नोंदविण्याचा जो मार्ग आहे, तो निराळा. त्याचा या व्हिसाशी संबंध नाही. आणि परकीय नागरिकत्व स्वेच्छेने पत्करणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते. तेव्हा घरातील एखाद्याच्या सोयीसाठी सहज सही करण्याजोगी ही बाब नव्हे. तद्वतच, पाच वर्षे राहिलो की पारपत्र मिळेल या आशेनेही कोणी निघू नये. २०२५ च्या ऑक्टोबरात पोर्तुगालच्या संसदेने आपल्यासारख्यांसाठी ही मुदत दहा वर्षांवर नेणारे विधेयक संमत केले आणि डिसेंबरात तेथील घटना न्यायालयाने त्यातील काही कलमे नाकारली. परक्यांच्या घराचे नियम परके लोक ठरवितात. ते बदलले म्हणून रुसण्याचा अधिकार पाहुण्यास नसतो.

आमच्या परिचयातील एका दांपत्याने अशाच ‘खात्रीच्या पारपत्रा’च्या भरवशावर एका मध्यस्थास काही लाख रुपये दिले. हाती आली ती दूतावासाकडून विनामूल्य मिळणाऱ्या माहितीची छापील प्रत! कागदपत्रांच्या कामी साहाय्य घेण्यास आमची हरकत नाही. पण निकालाची हमी जो देतो त्याच्या दारातूनच परत फिरावे.

आता अखेरचा आणि आमच्या मते सर्वांत कठीण मुद्दा. साठीचे दांपत्य निघते तेव्हा पुष्कळदा घरात पंचाऐंशी वर्षांची माता असते. तिला हा व्हिसा नको असतो, तिला शेजार हवा असतो. आपल्या शास्त्रांनी वानप्रस्थ सांगितला, पण तो गृहस्थाश्रमाची कर्तव्ये पुरी झाल्यावर. जे जातात त्यांस आम्ही दोष देत नाही. लेकराच्या जवळ असावे ही इच्छा निर्मळ आहे, आणि ती स्वतःच्या कमाईवर पुरी करणे हे स्वाभिमानाचे लक्षण आहे. पण जाणाऱ्याने मागे राहणाऱ्यांची व्यवस्था लावल्यावाचून जाऊ नये, आणि मागे राहिलेल्यांस मंडळाने एकटे पडू देऊ नये.

म्हणून मंडळापुढे आमच्या दोन सूचना आहेत. पहिली, आपल्यातील निवृत्त बँक अधिकारी, वकील व लेखापाल यांची एक लहान समिती नेमावी आणि तिने जाऊ इच्छिणाऱ्यांचे कागद व हिशोब विनामूल्य पाहून द्यावेत. दुसरी, ज्यांची मुले वा भाऊबहिणी परदेशी आहेत अशा वृद्धांची यादी करून प्रत्येकाकडे महिन्यातून एकदा तरी आपल्यातील तरुणांनी जाऊन यावे. पहिल्या कामास विद्या लागते, दुसऱ्यास नुसते पाय. दोन्हींचा तुटवडा आपल्यात नाही.

जे जातील ते सुखाने जावोत, आणि परतावेसे वाटले तर त्यांस उघडे दार मिळो, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.