यंत्राचें नांव आणि पत्ता

चार संगणकांनीं मिळून एकच काम करावयाचें म्हणजे प्रत्येकास इतरांचा ठावठिकाणा माहीत असावा लागतो. माणूस यंत्रास नांवानें ओळखतो. जाळें मात्र अंकी पत्ता ओळखतें. इंटरनेटच्या आधींच्या आर्पानेट या जाळ्यांतील सर्व नांवांची एकच यादी अमेरिकेंतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत ठेवीत असत. यादी वाढत गेली, तेव्हां १९८३ सालीं पॉल मॉकापेट्रिस यांनीं हा कारभार अनेक ठिकाणीं वांटून देणारी डीएनएस ही पद्धति मांडली.

परंतु घरच्या किंवा लहानशा कचेरीच्या जाळ्यांत हा कारभार पाहणारा बहुधा कोणी नसतो. मग जावा भाषेंतील एखादा प्रोग्राम सुरू होतांच आपल्याच यंत्राच्या नांवाचा पत्ता विचारतो, उत्तर मिळत नाहीं, आणि सगळें काम आरंभींच अडतें.

घाईचा उपाय म्हणजे ‘होस्ट्स’ फाइलींत त्या नांवापुढें १२७.०.०.१ लिहिणें. प्रोग्राम चालूं लागतो खरा. पण त्या पत्त्याचा अर्थ ‘हेंच यंत्र’ असा आहे. तोच इतरांस कळविला गेला, तर प्रत्येक यंत्र शेजाऱ्याऐवजीं स्वतःचेंच दार ठोठावीत बसतें!

म्हणून प्रत्येक यंत्रास स्थिर पत्ता द्यावा, व सर्वांच्या फाइलींत सर्वांचीं नांवें खऱ्या पत्त्यांसह लिहावीं. प्रोग्राम रचणारानेंही नांवाऐवजीं अंकी पत्ता देण्याची सोय ठेवावी. तेंही न साधल्यास कोणतें नांव सांपडलें नाहीं, हें स्पष्ट सांगून प्रोग्रामनें थांबावें. म्हणजे दुरुस्त करणारास चूक शोधीत रात्र जागवावी लागणार नाहीं.