नाबाद ४

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीतर्फे स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आयोजकांनी मला ‘शाळेतले खेळाचे दिवस’ हा विषय दिला, तेव्हा मी त्यांना म्हटलं, अहो, मी कुठे खेळायचे? मी लिहायचे. कबड्डीच्या सामन्यांना सरांनी मला गुणलेखक म्हणून बसवलं होतं. कारण काय, तर अक्षर बरं आणि आरडाओरडा कमी. सुरूच्या बनाजवळ वाळूत मैदान आखलेलं असायचं, समुद्राचा वारा पान उलटवायचा, म्हणून वहीवर दगड ठेवून मी चढाया आणि पकडी मांडायची. पुढे इंजिनिअर झाले, गेली चोवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिथेही बरंचसं तेच काम करते. कोणी काय केलं, किती वाजता केलं, कुठे चुकलं, याच्या नोंदी. फक्त वाऱ्याचा त्रास नाही.

त्या वहीत आपल्या तुकडीतलं एक नाव वारंवार येतं. मी ते घेणार नाही, इथे सगळ्यांना ठाऊक आहे. डावा कोपरा. घोटा धरला की चढाई करणारा मध्यरेषेला पोहोचायचा नाही. त्याच्याकडे येण्याआधी मला थोडं लांबून यायचं आहे.

काही वर्षं मी कंपनीतर्फे ऑकलंडच्या लोकांबरोबर काम करत होते. १८ नोव्हेंबर २०१५ ला सकाळी कॉल लावला, तर पलीकडे कोणी बोलेनाच. शेवटी एकजण म्हणाला, आज जोना लोमू गेला, आज राहू दे. मला रग्बीतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या संध्याकाळी मी त्याचा तो प्रसिद्ध सामना पाहिला. १८ जून १९९५, केपटाऊन, विश्वचषकाची उपांत्य फेरी. वीस वर्षांचा हा पोरगा इंग्लंडच्या माणसांना अंगावरून झाडत निघून जातो आणि एकट्याने चार वेळा चेंडू रेषेपलीकडे टेकवतो. त्याच जूनमध्ये आपला दहावीचा निकाल लागला होता. आपण पेढे वाटत होतो तेव्हा तिकडे हे चाललेलं.

पुढचं वाचलं तेव्हा मी गप्प झाले. त्या विश्वचषकानंतर थोड्याच काळात त्याला मूत्रपिंडाचा गंभीर आजार असल्याचं कळलं. तशाच अंगाने तो १९९९ चा विश्वचषक खेळला. २००३ मध्ये डायलिसिस सुरू झालं, २००४ मध्ये एका रेडिओ निवेदकाने त्याला आपलं मूत्रपिंड दिलं, ते २०११ मध्ये निकामी झालं. पुन्हा डायलिसिस. चाळिसाव्या वर्षी तो गेला. मागे राहिलेल्या दोन लहान मुलांसाठी तिथल्या खेळाडूंच्या संघटनेला निधी उभारावा लागला. जगातला सगळ्यात नावाजलेला रग्बीपटू, आणि मुलांसाठी निधी!

ऑकलंडच्या सहकाऱ्याने मला विचारलं होतं, तुमच्याकडे असा कोण? मी सचिनचं नाव सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यात राहिला, आणि शोधता शोधता आपल्याच किनाऱ्यावरचा माणूस सापडला. दत्ताराम हिंदळेकर. जन्म १ जानेवारी १९०९, रत्नागिरी. इथे किती जणांनी हे नाव ऐकलंय? बघा, हात तीन. त्यातले दोन सरांचेच. विजय मांजरेकर त्यांच्या जवळच्या नात्यातले, म्हणजे आपल्या पिढीच्या संजय मांजरेकरच्या घरातलाच हा माणूस.

हिंदळेकर यष्टिरक्षक. मुंबईकडून रणजी खेळले, हिंदू संघाकडून पंचरंगी खेळले, आणि नोकरी मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये. तेव्हा क्रिकेट खेळून घर चालत नसे. १९३६ मध्ये लॉर्ड्सवर विजय मर्चंट यांच्याबरोबर ते सलामीला गेले आणि पहिल्या डावात २६ धावा केल्या. ऐकायला कमी वाटतात, पण सगळा संघ १४७ मध्ये आटोपला होता. त्या सामन्यात त्यांचं बोट दुखावलं. पुढच्या, मँचेस्टरच्या कसोटीत त्यांच्याऐवजी मर्चंटबरोबर मुश्ताक अली सलामीला गेले, दोघांनी २०३ धावांची भागीदारी केली आणि ते इतिहासात गेलं. बोटाचं हाड इतिहासात जात नाही. त्यानंतर महायुद्ध आलं. हिंदळेकरांची पुढची कसोटी थेट १९४६ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. मधली दहा वर्षं, म्हणजे खेळाडूचं सगळं तारुण्य, कोऱ्या पानासारखं.

१९४६ चं मँचेस्टर मात्र मी गुणलेखकाच्या नजरेने पुन्हा पुन्हा बघते. भारताला जिंकायला २७८ हव्या होत्या. ॲलेक बेडसर एकेकाला घरी पाठवत होता, त्याने त्या डावात सात बळी घेतले. नववा गडी गेला तेव्हा सामन्याची शेवटची १३ मिनिटं उरली होती. खेळपट्टीवर रंगा सोहोनी आणि अकराव्या क्रमांकावर आलेले हिंदळेकर. दोघांनी ती १३ मिनिटं काढली. १५२ वर नऊ बाद, सामना अनिर्णित. धावफलकात सोहोनी नाबाद ११, हिंदळेकर नाबाद ४. ‘नाबाद ४’ लिहायला मला दोन सेकंदं पुरतील. सदतीस वर्षांच्या यष्टिरक्षकाच्या पिचलेल्या बोटांनी ती १३ मिनिटं कशी काढली असतील, ते लिहायला रकानाच नाही.

चार कसोटी, एकूण ७१ धावा. ३० मार्च १९४९ ला मुंबईत हिंदळेकर वारले. वय चाळीस. कारण काय नोंदवलंय? योग्य वैद्यकीय उपचार मिळाले नाहीत. लॉर्ड्सवर सलामीला गेलेला माणूस, मुंबईसारख्या शहरात, औषधपाण्यावाचून. त्याच १९४६ च्या दौऱ्यात सदाशिव शिंदे होते, पुढे १९५१ मध्ये दिल्लीच्या कसोटीत इंग्लंडचे सहा गडी ९१ धावांत घेणारे. ते १९५५ मध्ये विषमज्वराने गेले, एकतीस वर्षांचे.

आता आपला डावा कोपरा.

शाळा सुटल्यावर तो जिल्हाभर खेळला. दिवसा होडीवर, रात्री दिव्यांच्या उजेडात सामने. गुडघा गेला होता, तरी प्रत्येक सामन्याआधी वेदनाशामक गोळी घेऊन उतरायचा. वर्षानुवर्षं. डॉक्टरने नंतर सांगितलं की त्या गोळ्या मूत्रपिंडाला बाधतात, तोवर उशीर झाला होता. मग आठवड्यातून तीनदा पहाटेची एसटी, मुरुड ते अलिबाग, चार तास यंत्राला जोडलेला, आणि परतीची एसटी. त्याची बायको डब्यात मोजून पाणी द्यायची.

हे आपल्या ग्रुपवर आलं होतं. मी माझा फोन परवा उघडून पाहिलं, नोंदी तपासायची खोड जात नाही ना. मी लिहिलं होतं, ‘काळजी घे रे.’ त्याखाली सव्वीस जणांनी हात जोडलेत. पैसे पाठवले सहा जणांनी. त्या सहांत मी नव्हते. मी पुढच्या महिन्यात पाठवणार होते, कारण त्या महिन्यात फ्लॅटचा हप्ता होता. २०१८ मध्ये तो गेला, चाळिशी न गाठता. त्याच्या नावाने स्मृतिचषक ठेवायचं ठरलं, तेव्हा दोन दिवसांत चाळीस हजार जमले. माझे पाच हजार सगळ्यात आधी. चषक छान आहे, चांदीचा मुलामा आहे, शाळेच्या कपाटात आहे.

सर, मी तुमच्याशी आधी बोलले आहे. यंदा चषकाला नवा मुलामा देण्याऐवजी ते पैसे शाळेच्या कबड्डी संघातल्या मुलामुलींसाठी वापरायचे आहेत. संघातल्या प्रत्येकाचा अपघात विमा आणि वर्षातून एकदा तपासणी, रक्तदाब आणि रक्तातलं क्रिएटिनिन धरून. क्रिएटिनिनवरून मूत्रपिंड कसं चाललंय ते कळतं, फार महाग नसते ती चाचणी. आणि गुडघा दुखत असेल तर गोळी कोणाला विचारून घेतली, हे संघाच्या वहीत लिहायचं. त्यासाठी मी नवीन रकाना आखून आणलाय.

वही मागच्या टेबलावर, सोलकढीच्या पातेल्याशेजारी आहे. जेवायला जाताना नाव आणि रक्कम लिहा. मी तिथेच बसते, वहीवर दगड ठेवून.