एकच पेपर, पण रान वेगळे
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



नोकरभरतीचा विषय निघाला की शहाणी माणसे सांगतात, "सर्वांना एकच पेपर, ज्याला मार्क जास्त त्याला नोकरी. याहून न्याय तो कोणता?" मी शेतीशास्त्र शिकलेला माणूस. एक वाण विहिरीखाली खत देऊन पेरला, दुसरा बरड रानात पावसाच्या भरवशावर पेरला आणि दोन्हींचे उतारे एकाच काट्यावर मोजले, तर काटा खरा असेल. पण वाण कोणता चांगला ते त्यातून कळत नाही. असा प्रयोग कृषी विद्यापीठात कोणी मांडला तर परत पाठवतील. भरतीत त्यालाच गुणवत्ता यादी म्हणतात.

आणि तो एकच पेपर तरी कुठे असतो? २०२३ ची तलाठी भरती घ्या. दहा लाखांवर अर्ज आले. फी खुल्या वर्गाला १००० रुपये, राखीव वर्गाला ९००. परीक्षा अनेक सत्रांत, प्रत्येक सत्राचा पेपर निराळा. मग सोपा-अवघड समान करण्यासाठी गुणांचा हिशेब बसवला, आणि जानेवारी २०२४ मध्ये यादीत २०० पैकी २१४ गुण दिसले! (आपल्या अडत्याने असे माप कधी आपल्या बाजूने घातले नाही.) हिशेब नियमाप्रमाणेही असेल. पण मग सर्वांना एकच माप, असे छाती ठोकून सांगू नये.

दुसरी गोष्ट मला जास्त सलते. संकरित ज्वारी सीएसएच-१ ही १९६४ साली आली, खरिपात तिने उतारा दिला. तरी रब्बीत, नुसत्या ओलीवर, मोहोळला निवडलेली मालदांडी आपण सोडली नाही. भाकरी पाहिजे, कडबा पाहिजे. आधी काम ठरते, मग वाण. तलाठ्याचे काम काय? सातबारा, फेरफार, पंचनामा. पेपर कशाचा? मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, अंकगणित-बुद्धिमापन. गारपिटीनंतर कपाशीच्या रानात उभे राहून नुकसान किती ते ओळखणारा त्यात कसा सापडावा? आणि तो पंचनामा चुकला तर भरपाई कुणाची बुडते?

परीक्षाच नको, असे मी म्हणत नाही. परीक्षा गेली की चिठ्ठी आणि पाकीट आलेच. २०२१ साली आरोग्य विभागाच्या भरतीचे पेपर फुटले, म्हणजे परीक्षा असूनही पाकीट आलेच होते. आपण मागायचे ते एवढे : केंद्र आपल्याच जिल्ह्यात, सर्वांची परीक्षा एकाच दिवशी, निम्मे प्रश्न त्या कामावरचे, आणि निवड झाल्यावर एक हंगाम कोरडवाहू गावात उमेदवारी. ठरावाचा मसुदा टेबलावर आहे. ज्यांची पोरे पुण्याला खोली घेऊन अभ्यासाला बसली आहेत, त्यांनी तो आधी वाचावा.